माझ्या जागी आत्या बालीला गेल्या

जामखेडला आमचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. नवरा माल आणि गिऱ्हाईक बघतो, मी गल्ल्यावर बसून बिलं करते. त्या वर्षी उडीद आणि सोयाबीनच्या बियाण्याचं टार्गेट आम्ही पूर्ण केलं, म्हणून जानेवारीत कंपनीचा साहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुकानात आला. डीलर लोकांसाठी कंपनीने टूर काढली होती. बालीला. जोडीने जायचं, एप्रिलमध्ये, खरिपाची गर्दी सुरू व्हायच्या आत.

नवऱ्याने पेढा हातात धरूनच माझ्याकडे बघितलं. मला चौथा महिना संपत आला होता. अजून फारसं दिसत नव्हतं, त्यामुळे साहेबाला काही कळलं नाही. "वहिनी, पासपोर्ट आहे ना?" असं विचारून तो पुढच्या दुकानात गेला.

पासपोर्ट होता. लग्न झालं त्या वर्षी हौसेने काढलेला, कपाटात कोरा पडलेला. आमचं लग्न मे महिन्याच्या शेवटी झालं आणि हळद निघायच्या आत पेरणीची गर्दी सुरू झाली. मग फिरायला जाऊ, मग जाऊ, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. मी विमान बघितलं होतं ते आकाशातून जाताना. समुद्र बघितला होता तो शाळेच्या सहलीत, अलिबागला, ओहोटीच्या वेळी, नुसता चिखल.

त्यामुळे मला जायचं होतं. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर लोक असं बोलायला लागले की जसं काही मला कधी जायचंच नव्हतं, मी पहिल्यापासून शहाणी होते. मी शहाणी वगैरे नव्हते. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्याखाली मोबाईल धरून बालीचे व्हिडिओ बघायचे. पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती, देवळांच्या दारातली माकडं, निळं पाणी. आठव्या महिन्यात घालायला एक सैल सुती ड्रेससुद्धा मनात ठरवला होता.

माझं माहेर नगरजवळच्या भिंगारचं. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते, आता रिटायर झालेत. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सातवा लागला की वेस ओलांडू नये म्हणतात. तू समुद्र ओलांडायला निघालीस?"

पप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला. "डॉक्टरांना विचार बाळा. त्या सांगतील तसं कर. बाकी कुणाचं ऐकू नको, आमचंही नको."

राहिल्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी उमेदीची सगळी वर्षं दर हिवाळ्यात ऊस तोडायला जाण्यात घालवलेली. सासरे लवकर गेले, तरी त्या जात राहिल्या, आणि माझ्या नवऱ्याला शिकवून दुकान घालून दिल्यावरच त्यांनी कोयता खाली ठेवला. मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील आणि विषयच संपेल. खरं सांगायचं तर कुणीतरी नाही म्हणावं आणि माझ्यावरचं ओझं उतरावं, असंही मला आतून वाटत होतं.

त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जा की."

"आठवा असेल आत्या तेव्हा."

"मग? मी आठव्यात मोळ्या उचलत हुते. ह्यो झाला त्या दिशी सकाळपातूर कोयता हातात हुता माझ्या. तू तर खुर्चीत बसून जानार." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पर तुझं तू बघ. मला तवा कुनी इच्यारलं न्हवतं, जाती का ऱ्हाती म्हनून. तुला इच्यारत्यात. तर नीट इचार कर आन् तुझं तू सांग."

मग मी विचारच करत राहिले. सकाळी जायचं ठरायचं आणि संध्याकाळी पाय सुजले की नाही ठरायचं. नवरा काही बोलायचा नाही. त्याला जायचं होतं हे मला दिसत होतं, आणि ते मला दिसू नये म्हणून तो धडपडत होता, तेही दिसत होतं.

सातव्यात ओटभरण झालं. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तपासणीला नगरला गेलो तेव्हा मी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं. त्यांनी सोनोग्राफी केली. बाळ छान होतं, पाणी भरपूर होतं, माझं बीपी व्यवस्थित होतं.

"पत्र देते मी," त्या म्हणाल्या. "नियमात बसतं. विमानाला काही हरकत नाही." पेनाचं टोपण काढून त्या थांबल्या. "पण तिथे अचानक कळा सुरू झाल्या तर कुठे जाशील? कोण असेल जवळ? माझी मुलगी असती ना, तर मी नसती पाठवली."

पत्र त्यांनी लिहून दिलं. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

परत येताना कडा गाव मागे पडल्यावर रसवंतीवर गाडी थांबवली. पूर्वी बैल फिरवायचे ते लाकडी चाक आता मोटारीवर फिरत होतं, घुंगरं तेवढी वाजत होती. रसाचा ग्लास हातात असताना मी म्हणाले, "मी नाही येत."

नवऱ्याने ग्लास बाकड्यावर ठेवला. "मग मीही नाही जात. दुसऱ्या कुणाला देतील जागा."

"तुम्ही आत्यांना घेऊन जा ना."

तो हसला. मग हसायचा थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मला आठवतंय, त्या क्षणी मला इतकं छान वाटलं, की माझं न जाणं मी विसरूनच गेले. आत्या विमानात बसणार!

आत्यांना पटवायला चार दिवस लागले. "काय येडी झालीस का? मला काय करायचंय तिकडं? लोकं काय म्हनतील, सून पोटुशी आन् सासू निघाली मजा माराया." शेवटी मी म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होता ना, माझं मी सांग. मी सांगतेय. माझ्या जागी तुम्ही जायचं."  दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मोरीत न्हाताना गुणगुणत होत्या.

कंपनीच्या साहेबाने माझ्याऐवजी त्यांचं नाव घातलं आणि आत्यांचा तातडीचा पासपोर्ट काढला. फोटोवाला म्हणाला, आजी, डोक्यावरचा पदर काढा, कान दिसले पाहिजेत. आत्यांनी पदर थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे ओढला. शेवटी मी त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हणाले, माझ्याकडे बघा, दुसरं कुणी नाही इथं. तेव्हा कुठे पदर खांद्यावर आला. त्या फोटोत त्या एकदम शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलीसारख्या दिसतात. घाबरलेल्या, आणि केस चापूनचोपून बसवलेले.

मला भिंगारला सोडून ते दोघं मुंबईला गेले. आमच्या दारात गाडी उभी असताना आत्या परत आत आल्या. नवे बूट पायात, जड जड पावलं टाकत. माझ्या पोटावर हात ठेवला आणि बाळालाच म्हणाल्या, "आजी इमानात बसून येते. तवर दम धर."

मग रोज फोन यायला लागले. विमानात खिडकीत बसवलं होतं म्हणे, पण आत्यांनी सगळा वेळ डोळे मिटून घेतलेले. तिथले लोक हिंदू आहेत, आणि सकाळी बायका दाराबाहेर पानाच्या द्रोणात फुलं आणि भात ठेवतात, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. कंपनीने स्वयंपाकी सोबत नेला होता, त्याची पोळी कच्ची राहते, हेही सांगितलं. त्यांच्या आवाजाला एक वेगळीच उभारी आली होती. आई म्हणाली, "तुझी सासू वीस वर्षांनी लहान झाली गं."

टूर अर्धी झाली होती. त्या दिवशी सकाळी उठले आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळेना. चहा घेतला, अंघोळ केली. मग लक्षात आलं की बाळ शांत आहे. एरवी सकाळचा चहा पोटात गेला की त्याच्या लाथा सुरू व्हायच्या.

आई म्हणाली, ऊन किती वाढलंय, तेही मरगळलं असेल. तिने गुळाचा खडा दिला, गार पाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला एकदा वाटलं, हललं. पण ती माझ्याच पोटाची हालचाल होती. पप्पा दोनदा दारात येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती.

डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर फिरवलं. पूर्वी त्या फिरवता फिरवता बोलायच्या, हे बघ डोकं, हा हात. त्या दिवशी बोलल्या नाहीत. यंत्र पुन्हा त्याच जागी नेलं, दाबलं, थांबल्या. पडदा माझ्याकडून थोडा वळवला. त्यावरूनच मला कळलं. तरी मी विचारलं.

"ठोके लागत नाहीयेत बेटा," त्या म्हणाल्या.

आई भिंतीला टेकून खालीच बसली. मी मॅडमना म्हणाले, "परत बघा." त्यांनी परत बघितलं. मी पुन्हा म्हणाले, परत बघा. त्यांनी मग यंत्र बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला.

मला वाटलं होतं, आता ऑपरेशन करतील, भूल देतील, मला काही कळणार नाही. तसं नसतं. बाळ गेलेलं असलं तरी त्याला जन्म द्यावाच लागतो. कळा याव्यात म्हणून औषध दिलं आणि मला एका खोलीत झोपवलं. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडत होतं. आईने दार लावून घेतलं.

मोबाईल उशाशी होता. दुपार कलली तसा तो वाजायला लागला. बालीहून व्हिडिओ कॉल. मी कट केला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईने हात पुढे केला, पण मी म्हटलं, मी घेते. नाही घेतला तर ते घाबरतील. कॅमेरा बंद ठेवून मी घेतला.

"आगं ए, क्यामेरा लाव, क्यामेरा! समुद्र दावते तुला."

"आत्या, इथं रेंज नाहीये. नुसता आवाज येतोय."

"आगं लई मोठाय गं. कडाच न्हाई त्याला. मी पान्यात हुबी हाय. लुगडं भिजलंय सारं. पायाखालची वाळूच पळवतोय बघ, ओढतोय मला." आणि त्या हसल्या. आमच्या घरात इतकी वर्षं राहून मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. मागे लाटांचा आवाज होता आणि कुणीतरी ओरडत होतं, आजी, सांभाळून.

मग म्हणाल्या, "बाळ हलतंय नव्हं?"

आईने तोंडात पदर कोंबला.

"हो आत्या," मी म्हणाले.

"त्याला सांग, आजी समुद्रात हाय म्हनून."

"सांगते."

नवऱ्याने फोन घेतला. "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. आत्यांचा हात धरा तुम्ही. पडतील." एवढं बोलून मी फोन ठेवला. याहून जास्त मला जमलं नसतं.

अंधार पडताना पप्पांनी त्याला फोन केला. ते हॉटेलवर पोचले असतील असा अंदाज घेऊन. माझ्यासमोर केला नाही, बाहेरच्या जिन्यात जाऊन केला. परत आले आणि म्हणाले, "तो निघतोय. मिळेल त्या विमानाने निघतोय." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच्या आईला सांगत नाहीये. दुकानाची काहीतरी अडचण सांगतोय. तिला तिथं परक्या देशात सांभाळणं त्याला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ झालं. मुलगी. खोलीत कुणाचाच आवाज नव्हता. जन्माच्या वेळी खोलीत जी गडबड असते ती माणसांची नसते, बाळाच्या रडण्याची असते, हे मला तेव्हा समजलं. नर्सने विचारलं, बघायचंय का. आई नको नको म्हणत होती. मी हात पुढे केले.

ती माझ्याजवळ थोडा वेळ होती.

डॉक्टर मॅडम नंतर माझ्या पायाशी येऊन बसल्या. "बऱ्याचदा कारण सापडतच नाही," म्हणाल्या. "नाळ, वार, सगळं बघितलं मी. तुझं काही चुकलं नाही. तू सगळं नीट केलंस."

पप्पांनी जावयाला फोन करून विचारलं, थांबू का तुमच्यासाठी? नवरा आणि आत्या अजून बालीच्या विमानतळावर बसून होते, विमान संध्याकाळचं होतं. तो म्हणाला, "नका थांबू पप्पा. तुम्ही करा. आई सोबत आहे माझ्या." तो आत्यांपासून लांब उभा राहून बोलत असणार. दुपारी पप्पा आणि माझा मामा मुलीला घेऊन गेले. पप्पा पँटची इस्त्री मोडू न देणारा माणूस. परत आले तेव्हा गुडघ्यांवर माती होती, आणि ती झटकायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते तसेच खुर्चीत बसून राहिले.

नवरा आणि आत्या पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला घरी आणलं होतं. नवरा आत आला, माझ्याजवळ पलंगावर बसला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आत्या आल्याच नाहीत. मला पुढच्या दारात आईचा आवाज ऐकू येत होता. "आत या ना विहीणबाई. बाहेर का बसलात उन्हात?"

"मी कंचं तोंड दावू तिला," आत्यांचा आवाज आला.

त्या पायरीवर बसून होत्या. बूट पायात, मांडीवर पिशवी. मुंबईहून निघाल्यावर गाडीत त्याने त्यांना सांगितलं होतं. पण त्यांना विमानातच कळलं होतं म्हणे. पुढे एकदा म्हणाल्या, "त्यो खिडकीतनं भायेर बघत हुता आन् खिडकी बंद हुती. तवाच म्या वळखलं, दुकानाचं न्हवं हे."

बऱ्याच वेळाने त्या आत आल्या. माझ्या पायांशी बसल्या, माझे पाय मांडीवर घेतले आणि चेपायला लागल्या.  तिसऱ्या दिवशी मला दूध आलं, छाती दगडासारखी झाली, ताप भरला. गोळ्या चालू होत्या, आई कापड घट्ट बांधत होती, मी ओरडत होते. आत्या माझं डोकं धरून बसायच्या. भेटायला येणाऱ्या बायका काहीबाही सांगायच्या. पुन्हा होईल, लहान आहेस, माझ्या नणंदेचंही असंच झालं होतं. आत्या तसलं एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांचंही एक मूल, माझ्या नवऱ्याच्या आधीचं, उसाच्या फडावर गेलं होतं, हे मला जामखेडच्या शेजारणीकडून कळलं. त्यांनी स्वतः मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

पावसाळा सुरू होताना मी जामखेडला परत आले. लोकांना बोलायला काहीतरी लागतं. मी गेले असते आणि हेच झालं असतं, तर सगळ्यांना उत्तर मिळालं असतं. विमानामुळे झालं, हौसेपायी झालं. कदाचित मलाही ते उत्तर जन्मभर पुरलं असतं. पण मी गेले नव्हते. मी डाव्या कुशीवर झोपले होते, लोहाच्या गोळ्या घेतल्या होत्या, वेस ओलांडली नव्हती. माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती, म्हणून ते बोट आत्यांकडे गेलं. सून अवघडलेली असताना सासू समुद्रात नाचत होती. सुनेची जागा घेतली, दृष्टच लावली. त्यांच्या चुलत जावेने हे त्यांच्या तोंडावर ऐकवलं, एका बारशात, आणि आत्या न जेवता घरी आल्या.

त्यानंतर आत्या बालीबद्दल बोलेनाशा झाल्या. कुणी विचारलंच तर, "काय न्हाई, पानीच पानी." कंपनीने टूरचा मोठा फोटो फ्रेम करून पाठवला. सगळे डीलर, त्यांच्या बायका, आणि पुढच्या रांगेत मधोमध आत्या, गळ्यात फुलांची माळ. नवऱ्याने तो दुकानात लावलाच नाही. गोडाऊनमध्ये युरियाच्या पोत्यांमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. आत्यांचे बूटही कुठे गेले कुणास ठाऊक.

आम्ही तिघंही आपापल्या जागी गप्प झालो. नवरा माझी काळजी घ्यायचा, दवाखान्यात न्यायचा. पण मुलीबद्दल त्याने कधीच काही विचारलं नाही, आणि त्याने विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही. मला राग यायचा त्याचा. असं वाटायचं, ती फक्त माझीच होती की काय. मला त्यानंतर अजून दिवस गेलेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी मी आणि आत्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेजारची मुलगी आली. तिचं लग्न ठरलं होतं, आणि होणारा नवरा फिरायला बालीला न्यायचं म्हणत होता. ती खुशीत होती. "आजी, तुमी गेल्ता ना बालीला? कसं हाय वो तिथं?"

"काय न्हाई बाई," आत्या म्हणाल्या. "पानीच पानी."

मुलगी हिरमुसली, जरा वेळ बसून निघून गेली. आत्या शेंगा सोलत राहिल्या. मला एकदम भडभडून आलं. त्यांनी आयुष्यात एकदाच समुद्र बघितला, आणि तो असा गिळून बसल्या होत्या.

"आत्या," मी म्हणाले, "मला सांगा की. मी पाठवलं तुम्हाला. मला अजून कुणी सांगितलंच नाही, तिथं काय काय होतं."

त्या मान वर करेनात. "नगं गं."

"मी विचारतेय. लोक नाही विचारत, मी विचारतेय."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "त्या येळेला," त्या म्हणाल्या, "मी पान्यात हुबी हुते नव्हं, तुला फोन लावला, त्या येळेला मी लई खूश हुते गं. जल्मात कदी एवढी न्हवते. आई मेली तवापासनं कुनी लाड केल्यालं मला ठाव न्हाई, आन् तिथं समदे म्हनत हुते, आजी इकडं या, आजी फोटू काढा. मी हसत हुते. आन् तू तिकडं…" त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. "मी इच्यारलं तुला बाळ हलतंय का. तू व्हय म्हनलीस."

"तुम्ही हसत होता, आत्या. तुमचं हसू मला कसं मोडता येणार होतं?"

त्या रडल्या. पदराने तोंड झाकून, हुंदका बाहेर येऊ न देता. मी त्यांना रडू दिलं. माझंही चालूच होतं. सुपात तुरीचे दाणे तसेच पडून होते, एक चिमणी येऊन टोचून जात होती, कुणी तिला हाकललं नाही.

मग डोळे पुसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग सरळ. भाताच्या खाचरात म्हसरं होती, आपल्यापेक्षा बारकी आणि गुलाबी, हो, गुलाबी, खोटं नाही. बायका डोक्यावर फळांची उतरंड घेऊन देवळात जायच्या, हात न लावता. एका देवळात माकडाने कंपनीच्या साहेबाचा चष्मा पळवला, तो केळं दिल्यावरच परत मिळाला. आम्ही दोघी हसलो. हॉटेलच्या पलंगावर त्या झोपल्याच नाहीत, इतका मऊ की बुडाल्यासारखं वाटायचं, म्हणून खाली चादर टाकून झोपायच्या. ऊन उतरलं, ओट्यावर सावली आली, तरी त्या सांगतच होत्या.

नवरा दुकान बंद करून आला तो दारातच थांबला. त्याने आईच्या तोंडून माकडाची गोष्ट ऐकली असावी. आत न येता तो तसाच उभा राहिला, गाडीची किल्ली हातात. मग येऊन आमच्यापाशी ओट्यावर बसला. आत्या गप्प झाल्या.

 मग तो माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत म्हणाला, "ती कशी होती गं?"

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं.

"केस खूप होते," मी म्हणाले. "ओले, कपाळावर चिकटलेले. काळेभोर."

तो ऐकत होता.

"नाक तुमचं होतं. असंच, पुढे थोडं जाड. वरचा ओठ माझा. नखं वाढलेली होती बोटांची, मला वाटलं कापायला हवीत." मी माझ्याच बोटांकडे बघितलं. "गार नव्हती ती. माझ्या अंगाचीच ऊब होती तिला. मी घेतलं तेव्हा झोपलीय असंच वाटलं. डाव्या कानाला वरच्या बाजूला बारीक घडी होती, अशी."

"माझ्या बी हाय," आत्या हळूच म्हणाल्या आणि पदर मागे सारून त्यांनी आपला कान आमच्यापुढे केला.